आत्याची उलटी झुडपं

आमच्या आत्याला गावात कुणी नावानं हाक मारत नाही. सगळे तिला ‘मुळासकट’ म्हणतात. तोंडावर विचारतात, “काय मुळासकट, निघालात?” आणि ती म्हणते, “निघाले की!” घाणेरी उपटण्यात तिची तीस वर्षं गेली. घाणेरी म्हणजे ती रंगीबेरंगी फुलांची, उग्र वासाची, काटेरी बया. कुणीतरी लांबून आणून हौसेनं कुंपणाला लावली आणि तिनं गुरं चरायची अख्खी टेकडी गिळली. खाली गवत उगवू देत नाही, आणि गाईनं पाला खाल्ला तर गाय आजारी.

आत्याची पद्धत ठरलेली. झुडपाशी गुडघे टेकायचे, हातानं माती बाजूला करायची, खोड आणि मूळ जुळतात तो गड्डा शोधायचा आणि त्याच्या चार बोटं खाली कुदळीचा घाव घालायचा. मग झुडूप उलटं करून, मुळं वर ठेवून वाळू द्यायचं, म्हणजे ते पुन्हा माती धरत नाही. “वरवर छाटलं तर दुप्पट जोमानं येतं,” ती म्हणते, “नवऱ्याच्या दाढीसारखं.”

गावच्या समितीला मात्र घाई होती. यंत्र आणलं की दोन दिवसांत टेकडी साफ! यंत्र वरचं ओरबाडतं, गड्डे तसेच राहतात, हे आत्यानं कानीकपाळी ओरडून सांगितलं. कुणी ऐकेना, तेव्हा ती भडकली.

“ओढ्याकडचा उतार मला आणि माझ्याबरोबर उपटणाऱ्या चार बायकांना द्या. साफ झाल्यावर वर्षानं येऊन बघा. आमच्या हातून सुटलेल्या मुळाचा एक कोंब जरी दिसला, तरी उरलेली टेकडी यंत्राला द्या. मी कुदळ खाली ठेवीन.”

समिती कबूल झाली. पाच जणींचं काम तिनं एका कोंबावर लावलं. मी घरी आल्यावर तिच्याशी कडाकडा भांडले. ती आपली कुदळीला धार लावत बसली.

वर्षानं समिती आली. उतारावर गुडघाभर गवत झालं होतं. समितीचे अध्यक्ष निवृत्त पोस्टमास्तर. हरवलेलं पाकीट शोधावं तसे ते वाकून चालत होते. मधेच थांबले. “हा काय!”

आत्यानं बसून बोटांनी माती उकरली आणि रोप अलगद वर काढलं. खाली दोऱ्याएवढं बारीक, सरळ मूळ.

“हे बियाचं आहे, पाखरानं टाकलेलं. सुटलेलं मूळ असतं तर अंगठ्याएवढं जाड निघालं असतं. पाखरांना काय मी दटावू?”

पोस्टमास्तरांनी चष्मा पुसून पाहिलं आणि मान डोलावली. सगळे हसत परत फिरले. आत्या तेवढी हसली नाही. एका दगडाशी ती अडली, गवत दूर केलं. तीन इवलीशी पानं. माझ्या पायाखाली सहज झाकली गेली असती. खोटं कशाला बोलू, मी पाय उचललाही होता. पण तिनं माती उकरली. जाड, जुनं मूळ. वर कुदळीचा तिरपा घाव.

“मास्तर, हे मात्र माझं,” ती म्हणाली. “गड्ड्याच्या वर घाव बसलाय.” आणि कुदळ त्यांच्यापुढे ठेवली.

मला रडू येत होतं, आणि त्याच क्षणी, ही माझी आत्या आहे हे सगळ्या गावाला ओरडून सांगावंसंही वाटत होतं.

पोस्टमास्तरांनी ती तीन पानं बोटानं चाचपून पाहिली. मग त्यांनी स्वतः वाकून कुदळ उचलली आणि तिच्या हातात दिली.

“आम्हा कुणालाच हे दिसलं नसतं. यंत्रालाही नाही. उरलेली सगळी टेकडी तुमचीच. उद्यापासून लागा.”

आत्यानं आधी ते मूळ चार बोटं खालून तोडलं, दगडावर उलटं ठेवलं. मग पदर खोचला.

“उद्या कशाला? अजून दुपार व्हायचीय.”