बुधवारचा रस

माझ्या सासूला लिंबू पिळता येत नाही, याची माझ्या नणंदेनं एका संध्याकाळीत फोनवरून दवंडी पिटली. झालं होतं एवढंच: आम्ही नणंदेकडे जेवायला बसलो होतो. सासूबाईंनी लिंबाची फोड उचलली, दाबली, आणि फोड निसटून पेल्यात पडली. नणंदेच्या नवऱ्यानं दुसरी फोड घेऊन त्यांच्या ताटात पिळली. नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दुसऱ्या दिवसापासून एकच पालुपद सुरू झालं, "आईला आता साधं लिंबूसुद्धा पिळता येत नाही." तेवढ्यावर बहीणभावानं ठरवून टाकलं की आईनं यापुढे एकटं राहायचं नाही. दोन खोल्यांचं घर सोडायचं, सहा महिने मुलीकडे राहायचं आणि सहा महिने आमच्याकडे. त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

या बाईनं आजवर नाकावर माशी बसू दिलेली नाही. कोट शिवणाऱ्या कारखान्यात जन्मभर हातानं बटणांची काजं केली. तिथे सगळे त्यांना काजवालीच म्हणायचे. मालक मागे येऊन "जरा भरभर" म्हणाला की या सुई त्याच्यापुढे धरायच्या, "घ्या, तुम्हीच दाखवा भरभर करून." नवरा लवकर गेला. दोन्ही मुलं त्यांनी त्या सुईवर वाढवली आणि त्या सुईनं त्यांच्या बोटांचे सांधे खाल्ले. आता कित्येक सकाळी बोटं मुठीतच अडकलेली असतात. मधूनच एखादा दिवस असा उजाडतो की हात उघडतात, सुईतसुद्धा दोरा ओवता येतो. तो दिवस कधी येईल ते मात्र कुणाला सांगता येत नाही.

न्यायला कधी यायचं ते नणंदेनं ठरवलं, तेव्हा सासूबाईंनी मला फोन केला. "पिशवीभर लिंबं आण. पातळ सालीची."

"कशाला, आई?"

"आणणार आहेस की चौकशी करणार आहेस?"

मी नेऊन दिली. सासू घरी यायला नको म्हणून सून तिला साथ देतेय, असं लोक म्हणणार हे मला ठाऊक होतं. म्हणू देत. माझ्या स्वयंपाकघरात दोन बायका मावत नाहीत हे खरंच आहे. पण त्या माझ्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात बसून "मी काही करू का गं?" असं विचारतील, ते मला बघवलं नसतं, हेही तितकंच खरं आहे.

त्यांचा बेत साधा होता. हात चांगले असतील त्या दिवशी रस काढून गोठवायचा, हात बिघडतील त्या दिवसांसाठी. मी म्हटलं, "अहो, बाजारात बाटलीतला रस मिळतो की."

"आणि त्या बाटलीचं झाकण उघडायला कोण येणार? तू?"



पहिल्या चांगल्या दिवशी त्यांनी लिंबं कोमट पाण्यात टाकली, ओट्यावर तळव्याखाली दाबून लाटली, कापली, पिळली. बिया राहिल्या तर रस कडू होतो म्हणून दोनदा गाळला. मग मी घरून नेलेल्या बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून फ्रीजरमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी मी गेले तर हात मिटलेले. ट्रे कडक प्लॅस्टिकचा, वाकवता येईना. रागानं त्यांनी तो ओट्यावर आपटला आणि रसाचे खडे घरभर उडाले. एक कपाटाखाली गेला. मला हसू फुटलं, त्यांना नाही.

"बघितलंस? सगळ्या वस्तू धडधाकट माणसांनी स्वतःपुरत्या बनवल्यात," त्या म्हणाल्या. "माझं मलाच जमवायला हवं."

आणि त्यांनी जमवलं. माझे केकचे मऊ रबरी साचे मागवून घेतले. त्यांना खालून तळव्यानं ढकललं की खडा आपोआप वर येतो. घट्ट झाकणाचा डबा बाद केला, त्याऐवजी पातेलं आणि वर ताटली. फ्रिजच्या मुठीला जुन्या चादरीची पट्टी बांधली, त्यात कोपर अडकवून मागे सरलं की दार उघडतं. सालीही किसून ठेवायला निघाल्या होत्या, पण किसणीनं बोट सोललं तेव्हा तो नाद सोडला.

ठरल्याप्रमाणे रविवारी नणंद त्यांना न्यायला आली. माझ्या नवऱ्याला त्या दिवशी नेमकी गाडी धुवायची होती, म्हणून मीच गेले. जिन्यातच आमची गाठ पडली. तिनं मोठी रिकामी बॅग कोपरात अडकवली होती. आत सासूबाई खुर्चीत बसलेल्या. दोन्ही मुठी बंद. सगळे दिवस सोडून हाच दिवस!

टेबलावर सरबताचा जग तयार होता. "ओतून घ्या दोघी," त्या म्हणाल्या.

नणंदेनं अर्धाच भरलेला जग दोन्ही हातांनी उचलला. एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "छान झालंय. तू केलंस?"

"मी तुमच्याबरोबरच आले ना, ताई."

मग तिची नजर आईच्या मुठींवर गेली. "आई, ही लिंबं पिळली कुणी?"

"मी. बुधवारी." कोपरानं त्यांनी फ्रिज दाखवला. नणंदेनं फ्रीजर उघडून पातेल्यावरची ताटली उचलली आणि खडे बघितले.

"म्हणजे आज तुला जमलं नसतं. मी तेच तर म्हणतेय, आई!"

"तू घरी भात करतेस, तो तांदूळ त्याच दिवशी पिकवतेस का? बुधवारी हात चालले, बुधवारी करून ठेवलं. रोजचं काम रोजच जमलं पाहिजे, हा नियम कुणी काढला?"

"आणि एकटी असताना पडलीस तर?" नणंदेनं विचारलं. तिला आईची काळजी आहे, यात मला कधीच शंका नव्हती.

"पडेन. तुझ्याकडेही पडेनच. इथे पडले तर माझ्या घरात पडेन, तिथे पडले तर पाहुणी म्हणून पडेन. मी येणार नाही. बॅग ने परत."

 नणंदेनं बॅग उचलायला हात घातला, चटका बसावा तसा मागे घेतला आणि पुन्हा कोपर पुढे केलं.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "अंगठा कधीपासून दुखतोय?"

"काही नाही गं, जरासा."

"जग दोन हातांनी उचललास. बॅग कोपरात आणलीस. मीसुद्धा तुझ्या वयात असंच लपवायचे." त्यांनी आपली मिटलेली मूठ तिच्या हातावर ठेवली. "तुझ्या सासरी माहीत आहे?"

नणंदेनं मान हलवली, नाही. आणि एवढे फोन करणारी माझी नणंद लहान मुलीसारखी रडायला लागली.

सासूबाईंनी तिला रडू दिलं, पण हात सोडला नाही. मग म्हणाल्या, "उद्या तुझी लेक अशीच रिकामी बॅग घेऊन तुझ्या दारात उभी राहील. तिला काय सांगायचं, ते आज नीट ऐकलंस ना?"

नणंदेनं डोळे पुसले आणि विचारलं, "साचे कुठे मिळतात?"

"ते वहिनी आणून देईल. तू लिंबं घेऊन ये. पातळ सालीची."