मेंढरं न बसलेलं रान

आमचं गाव हुमनाबाद तालुक्यात, दुबलगुंडीच्या अलीकडे. वडील, म्हणजे अप्पा, जन्मभर मेंढरांमागे हिंडलेले. घरात नांगर धरणारा पहिला मीच. निजामाचं राज्य गेलं, नवं सरकार आलं आणि जमिनीची धूप थांबवायला तालुक्याची कमिटी नेमली गेली. थोडंफार उर्दू वाचता येणारा शेतकरी म्हणून मलाही तिच्यात घेतलं. तेव्हा माझ्या पायाला जी भिंगरी लागली ती लागलीच. बैठकीत मला खुर्चीवर धड टेकवत नसे. बाहेर आभाळ भरून आलं की वाटे, आपण इथं चहा पीत बसलोय आणि तिकडं माळ वाहून चाललाय.

माळ खरंच वाहत होता. गावावरचा तांबडा माळ, सगळ्यांच्या जनावरांचा. पावसात ओढा लाल व्हायचा आणि खालच्या काळ्या रानांत मुरूम येऊन पडायचा. माळ चराईला बंद करावा, गवत धरू द्यावं, असं कमिटीत मीच मांडलं. गाव जमवून विचारलं, तर आलेल्या सगळ्यांनी होकाराचे हात वर केले. त्यांचं काय जात होतं? बैलांना कडबा होता, बांधावरचा चारा होता. मेंढरांना माळाशिवाय काही नव्हतं, आणि गावात कळप एकच, अप्पांचा. हे मला ठाऊक होतं. तरी मांडलं, आणि आजही म्हणतो, बरोबर केलं.

अप्पा भांडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी एका सकाळी कळप हाकला आणि औरादकडं, चिंताकीच्या शिवारात निघून गेले. आई म्हणाली, जेवून तरी जा. थांबले नाहीत.

पाऊस झाला, माळावर गवत आलं. मी रोज उठून बघायला जायचो. इतका आनंद व्हायचा, पण ज्याला दाखवावं तो माणूस गावात नव्हता. मग उन्हाळा आला आणि गावाचे डोळे उघडले. आमच्याकडं पीक निघालं की मोकळ्या रानात रात्रीची मेंढरं बसवतात. लेंड्यांचं खत पडतं, धनगराला ज्वारी मिळते. आता बसवायला मेंढरंच नव्हती. हात वर करणारे तेच लोक माझ्या दारात येऊन मला बोल लावू लागले. मी चिडलो, पण बोलणं खोटं नव्हतं.

कमिटीवरच्या बिदरच्या सरकारी साहेबांचं म्हणणं, मेंढरू म्हणजे गवताचा काळ. मी बैठकीमागून बैठक त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी माळाचे भाग पाडून पाळीपाळीनं एकेक उघडायचं ठरलं, आणि मी तसाच चिंताकी गाठली. अप्पा कुणाच्या तरी रानात घोंगडीवर बसून एका कोकराच्या अंगातलं कुसळ काढत होते. मी सगळं सांगितलं. परत चला म्हणालो, पहिल्यांदा आपल्याच रानात बसवू.

"येतो," ते म्हणाले. "तू सांगशील तेवड्यातच चारतो. पन तुज्या रानात बसवनार न्हाई."

"कामून अप्पा?"

"माळ बंद करताना समद्या गावाला इचारलास. मला न्हाई इचारलास."

अप्पा आले. सांगितलेला भाग सोडून त्यांचं एक मेंढरू कधी पलीकडं गेलं नाही. कळप माझ्याखेरीज गावातल्या सगळ्यांच्या रानांत बसला. पुढच्या हंगामात साहेब मुद्दाम कमिटीच्या मेंबरची शेती बघायला आले, तर सगळ्या शिवारात माझीच ज्वारी खुरटलेली. त्यांनी कारण विचारलं. खत कमी पडलं, एवढंच मी म्हणालो.

पुढं मोठ्या कमिट्यांवरही गेलो, भाषणं केली. पण अप्पा होते तोवर दर उन्हाळ्यात मी माझं रान सगळ्यांच्या आधी मोकळं करून ठेवायचो. दिवस कलताना कळपाच्या घंटा वाजल्या की मला घरात बसवत नसे, उठून बांधावर जायचो. कळप जवळ यायचा. अप्पा मान वर करून "जेवलास का?" विचारायचे, आणि मेंढरं शेजारच्या रानाकडं हाकायचे.