कोरी बाजू

इथे परदेशात, आमच्या मरीन परेडच्या कॉन्डो सोसायटीत लेकीकडे राहायला आलेले ते म्हातारे गृहस्थ म्हणजे बंगालीतले केवढे मोठे दिग्दर्शक, हे कळलं तेव्हा मी लिफ्टमध्येच जवळजवळ किंचाळले! ते मात्र भेटले की आधी माझा खांदा धरून मला उजेडाकडे वळवायचे आणि मगच म्हणायचे, "हाँ, अब बोलो."

गणपतीत आम्ही त्यांचा सत्कार ठेवला. शाल-श्रीफळ तयार होतं. परिचय करून द्यायचं काम माझ्याकडे! पहिला चित्रपट, परदेशातले सन्मान, त्यांची अख्खी कारकीर्द मी दोन मोठ्या कागदांवर प्रिंट काढून आणली होती. माईक हातात घेतला आणि बघते तर काय, पाहुण्यांची खुर्ची रिकामी!

ते मागे खिडकीपाशी, माझ्या आईसमोर उभे होते. पुण्याहून आलेली माझी आई तिथे बसून नैवेद्याच्या शेवटच्या मोदकांना कळ्या पाडत होती.

"काग़ज़ लाओ, जल्दी!"

मी धावले. त्यांनी कागद उलटे केले, कोरी बाजू आईकडे करून माझ्या हातात दिले आणि माझं मनगट जरासं तिरकं केलं. खिडकीतलं ऊन कागदावरून थेट आईच्या अंधारातल्या गालावर गेलं. माझी आई इतकी सुंदर आहे?

"दीदी, हाथ मत रोकिए," म्हणत त्यांनी माझ्याच मोबाइलवर चित्रण सुरू केलं. एरवी चहाचा कप धरतानाही थरथरणारा त्यांचा हात आता जराही हलत नव्हता.

"अगं, परिचय वाच ना!" मंडळी ओरडली.

"थांबा हो," मी कागद घट्ट धरून ओरडले, "तोच चाललाय!"