आमचा उपग्रह धूसर पाहतो

बहारीनसारख्या टीचभर देशात खासगी कंपनीचा उपग्रह आहे, हे ऐकून पुण्याचे नातेवाईक आधी हसतात आणि मग माझ्या नोकरीची काळजी करतात. उपग्रह देशावर आला म्हणेपर्यंत देश संपलेला असतो. तेवढ्यात आम्ही फोटो काढतो आणि विकतो. विकण्याआधी ते तपासायचं काम माझं.

यंदा इथल्या संसदेत ओरड सुरू झाली. खासगी माणसांच्या हाती असला डोळा कशाला? लोकांच्या गच्च्या, अंगणं दिसतात. परवाना रद्द करा! परवाना गेला की कंपनी खलास, आणि आमचे व्हिसाही. माझी मुलगी इथेच बारावीला आहे.

मालकांनी खासदारांच्या समितीला जुफैरच्या ऑफिसात चहाला बोलावलं. पाहुण्यांना सखीरचा रेस ट्रॅक दाखवायचा, ही आमची रीत. ट्रॅक पाहून कोणाच्या पोटात दुखत नाही. पण मला वाटलं, आपला खरा उपयोग कळू दे. मी तुबलीच्या खाडीचे दोन फोटो शेजारी शेजारी लावले, एक गेल्या वर्षीचा, एक ताजा. ताज्या फोटोत एका गॅरेजमागे बेकायदा भराव टाकून कोणीतरी समुद्राचा चांगला मोठा घास घेतला होता. मी त्यावर उत्साहाने लाल बाणही काढला होता.

समितीच्या अध्यक्षांनी चहाचा कप खाली ठेवला. गॅरेज त्यांचंच होतं.

अँटेना सांभाळणारे आमचे रत्नागिरीचे चाचा मागून पुटपुटले, “बाण कशाला काढलास, भाऊ? सरळ नावच लिहायचंस.”

मला अपराधी वाटायला फारसं निमित्त लागत नाही. लिफ्ट बंद पडली तरी मी माफी मागतो. पाहुणे जाताच मी मालकांच्या केबिनमध्ये शिरून चूक कबूल केली.

“कसली चूक?” मालक म्हणाले. “तुला भराव दिसला. मला तर धूळ दिसली.”

“धूळ नव्हती, सर.”

“समितीपुढे असेल. आपला कॅमेरा धूसर आहे, असं तू त्यांना सांगणार आहेस. धूसर कॅमेऱ्याला गच्च्याही दिसत नाहीत. यल्ला, चल, तयारीला लाग.”

मी टाय लावून गेलो आणि सांगितलं. ज्या कॅमेऱ्याचे फोटो सुस्पष्ट म्हणून आम्ही जगभर विकतो, त्याची मी समितीपुढे यथेच्छ बदनामी केली. अध्यक्षांनी समाधानाने मान डोलावली. परवाना वाचला.

परतताना गाडीत चाचा म्हणाले, “तुझ्या उपग्रहाला आता चष्मा लावून दे बाबा.”

“चाचा, मी खोटं बोललो हो.”

“मग काय, खरं बोलून पुण्याला जायचं होतं?”

मागच्या आठवड्यात अध्यक्षांचा मलाच फोन आला. त्यांचा शेजारीही खाडीत भराव टाकतोय, तक्रार करायची आहे, फोटो हवा. “आणि हे बघा,” ते म्हणाले, “चांगला स्पष्ट पाठवा.”

कॅमेरा धूसर असल्याची आठवण त्यांना करून द्यायचं माझं धाडस झालं नाही. फोटो इतका स्वच्छ होता की शेजाऱ्याच्या भरावावरचा एकेक ट्रक ओळखू येत होता. कडेला अध्यक्षांचा भरावही होता, आता आणखी पुढे आलेला. तेवढी कड मी कापली आणि फोटो पाठवून दिला. या वेळी मला कोणी सांगावंही लागलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटतं.