हवालदाराच्या माळावर खोकड

नाथाजी हवालदारानं सरहद्दीवर बावीस वर्षं बर्फ सोसला, पण बांधापलीकडचं कौतुक काही त्याला सोसेना.

खटाव तालुक्यातल्या त्या गावात बांधाच्या अलीकडं नाथाजीचा चार एकर माळ, पलीकडं बिराप्पा मेंढपाळाचा. कालव्याचं पाणी आलं तसा नाथाजीनं माळ नांगरून ऊस लावला. त्या खडकात तो करंगळीएवढा झाला आणि वाळून गेला. बिराप्पानं काहीच केलं नाही. त्याचा कुसळी गवताचा माळ तसाच राहिला आणि त्यात खोकडानं बीळ केलं. कोल्ह्याहून लहान, शेपटीचा शेंडा काळा, एवढंसं जनावर. पण ते बघायला पुण्याहून गाड्या! बिराप्पाचा फोटो पेपरात!

"मेंढरं राखतोय आन् पेपरात येतोय," नाथाजी भाकरी मोडत म्हणाला. "मी देशासाठी गोळ्या झाडल्या, माझा फोटो कवा आला?"

"आधार कार्डावर हाय की," त्याची बायको चंद्राबाई म्हणाली.

तिथंच त्यानं ठरवलं, खोकड आपल्या माळावर आणायचं. त्याला लागतं कुसळी गवत, आणि त्याचं बी बिराप्पाकडं. ते मागायचं? त्यापेक्षा मिशी उतरवलेली बरी!

बिराप्पा मेंढरं घेऊन फलटणकडं उतरला, तसा हवालदार भर दुपारी घोंगडी घेऊन त्याच्या माळात शिरला आणि ती पिकल्या गवतावरून ओढत सुटला. कुसळाचं बी कापडात रुतलं की सुटत नाही. चार फेऱ्यांत घोंगडीचं साळिंदर झालं. हवालदाराचा लेंगाही सुटला नाही. पुढं आठवडाभर चंद्राबाई कुसळं वेचत बसली.

"आवं, चोरायचंच हुतं तर आंबं तरी चोरायचं!"

पावसात बी उगवलं. पण हात शेवटी उसवाल्याचा! नाथाजीनं ठिबक अंथरलं, युरिया टाकला. गवत छातीला लागलं. खोकड बांधापर्यंत यायचं, त्या हिरव्या भिंतीकडं बघायचं आणि मागं फिरायचं. चंडोल, तितर, सगळे पलीकडंच. नाथाजीचा जीव नुसता जळत होता.

परत आलेला बिराप्पा ते रान बघून पोट धरून हसला.

"हवालदार, मागितलं असतंस तर पोतंभर बी दिलं असतं. वैनींनी सांगितलं मला समदं."

नाथाजीनं बायकोच्या नावानं मनातल्या मनात परेड काढली.

"आरं गड्या, ह्ये उपाशी ठिवायचं गवत. लाड केलं की माजतंय. खोकडाला लांबचं दिसाय लागतं, तुज्यात त्याला सोताची शेपूट दिसंना."

"मग मेंढरं घालशील?" हे तीन शब्द तोंडातून निघायला हवालदाराला आणखी आठ दिवस लागले.

ठिबक निघालं, मेंढरं चरून गेली, गवत गुडघ्याच्या खाली आलं. एका सकाळी माळावर ताज्या मातीचा ढीग दिसला आणि त्याच्याशेजारी कान टवकारून बसलेलं खोकड.

"बिराप्पाऽ!" कवायतीच्या आवाजात आरोळी गेली. "आलं रं! आता ते माझं!"

"आसू दे की," पलीकडून उत्तर आलं. "झोपाय तुज्यात, जेवाय माज्यात. उंदरं समदी हिकडंच हायती."

नाथाजीचा चेहरा पडला. "म्हंजी जेवण तुझ्यातच?"

जन्मभर उंदरांना विष घालणाऱ्या हवालदारानं त्याच दुपारी माळावर पसाभर शाळू टाकला, आणि इकडंतिकडं बघून, अगदी पाहुण्यांना बोलवावं तशा गोड आवाजात, बिराप्पाच्या उंदरांना हाका मारायला सुरुवात केली.