नाक्यापुरतं स्टिअरिंग

गटारीची दुपार होती. माझ्या स्कूटरपुढची पांढरी गाडी एकदम कडेला थांबली. पुढे नाक्यावर पोलीस एकेकाला यंत्रात फुंकायला लावत होते. गाडीतून एक गृहस्थ डुलत उतरले, गाडीला धरत धरत पलीकडे गेले आणि त्यांची बायको स्टिअरिंगवर बसली. तिने सीट पुढे ओढली, आरसा नीट केला. "सांभाळून चालव गं," ते तिलाच बजावत होते!

हवालदाराने चालवायला बाई बघून गाडी सोडली. नाका ओलांडला, आणि वडाखाली गाडी पुन्हा थांबली. दोघं पुन्हा उतरली.

डोकंच फिरलं माझं. देवघरापुरतं सोवळं पाळावं, तसा आपण हा कायदा नाक्यापुरता पाळतो. जणू पिऊन चालवणाऱ्याची भीती फक्त पोलिसांना. पुढच्या वळणावर शेळ्या घेऊन येणाऱ्या म्हातारीचं काय, ते कुणी विचारायचं नाही. वर घरी जाऊन ही हुशारी रंगवून सांगायची आणि ऐकणाऱ्याने टाळी द्यायची. मीही दिलीय अशी टाळी, माझ्याच भावजींना.

न राहवून मी स्कूटर शेजारी थांबवली आणि त्या बाईंना म्हटलं, "अहो, छान चालवताय की! घरापर्यंत तुम्हीच न्या ना."

"यांना नाही आवडत मी चालवलेलं," त्या ओशाळून म्हणाल्या.

गृहस्थांनी सीट मागे ढकलली. त्या शेजारी बसल्या, पट्टा लावला, आणि तो नीट लागलाय ना, हे दोनदा ओढून बघितलं.