काकांची फ्रेंच बाई

सूर्याशी उभा दावा मांडलेला माणूस अख्ख्या दिल्लीत मी एकच पाहिला, आणि तो आमच्या शेजारच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचा. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणायचो. बोलणं मोजकं, चेहरा कायम शोकसभेला निघाल्यासारखा. या वैराचं कारण होतं त्यांच्या बैठकीतलं एक जुनं फ्रेंच चित्र. मायदेशी परतणारा कुणी परदेशी अधिकारी घरातलं सामान विकतोय असं कळल्यावर काकूंनी त्यांना फ्रीज आणायला पाठवलं होतं. काका टॅक्सीतून उतरले ते सोनेरी चौकट छातीशी धरून. शिंपल्यांच्या आणि पानांच्या वळणांनी नटलेली चौकट, आत एक बाग, कबुतरं, आणि झाडाखाली पांढऱ्या केसांचा टोप घालून बसलेली, फुगीर गुलाबी घागऱ्यातली एक बाई. "रोकोको शैली, अठराव्या शतकातली," काका गंभीरपणे म्हणाले. "आणि दूध कुठे ठेवू? हिच्या मांडीवर?" काकूंनी विचारलं. फ्रीज पुढे बरीच वर्षं आला नाही.

कुणी त्या चित्राला 'पेंटिंग' म्हटलं की काका हातातला कप खाली ठेवत. "पेंटिंग नाही. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलंय. रंग मागाहून हाताने भरलाय, आणि तो उन्हाने उडतो." म्हणून बैठकीच्या खिडकीला दुहेरी पडदे होते आणि ते बारा महिने ओढलेले असत. जानेवारीत सगळी कॉलनी धूप सेंकायला, म्हणजे ऊन खायला, बाहेर पडली की काकू मटारची पिशवी घेऊन आमच्या अंगणात येत. "आमच्याकडे बाईसाहेबांची झोपमोड होते," असं सांगून आईशेजारी बसत. तरी त्यांचा त्या बाईवर राग नव्हता. एका संक्रांतीला सगळ्या बायकांना हळदीकुंकू लावून झाल्यावर त्यांनी चित्राच्या काचेवरही बोट टेकवलं. घरात बसलेल्या बाईला वगळायचं कसं? काकांनी सुक्या मलमलीने काच पुसत विचारलं, "तिचा नवरा हयात आहे हे तुला कुणी सांगितलं?" काकू म्हणाल्या, "अहो, एवढा नटवा घागरा घालून विधवा बसेल होय?" काकांनी यावर खरोखरच विचार केला. मग म्हणाले, "बरोबर आहे. पण काच ओली करू नकोस."

काका रिटायर झाले तेव्हा बाजार खुला झाला होता, आणि ज्याला तेव्हा सगळे गुडगावच म्हणत तिथल्या शेतांतून उंच इमारती वर येत होत्या. काकांनी सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बिल्डरचा माणूस भली मोठी दक्षिणेची खिडकी दाखवून म्हणाला, "सर, सर्दियों में धूप ही धूप!" आणि काकांचा चेहरा पडला. बाकीच्या भिंतींना ओल होती, कोरडी एकच, नेमकी खिडकीसमोरची. चित्र तिथे लागलं आणि पडदे पुन्हा ओढले गेले. इथे आमचं अंगण नव्हतं. काकूंचे गुडघे गेलेले, लिफ्ट विजेच्या मर्जीवर चालायची. थंडीत मी भेटायला गेलो तर काकू अंधाऱ्या खोलीत दोन शाली गुंडाळून बसल्या होत्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुझे हात बघ किती गरम. उन्हातून आलास ना?" त्यांची बोटं गार होती. त्या क्षणी मला काकांचा भयंकर राग आला, पण मी काही बोलायच्या आत काका उठले आणि त्यांनी दोन्ही पडदे बाजूला सारले. काकूंनी डोळ्यांवर हात धरला. काका चित्र उतरवून ट्रंकेत ठेवायला निघाले तेव्हा काकूंनीच अडवलं. "नका हो. इतकी वर्षं सोबत काढली, आता ट्रंकेत कोंडता? बसू दे समोर."

त्यानंतर पडदे ओढले गेले नाहीत. काकू आणखी काही हिवाळे त्या खिडकीपाशी खुर्ची टाकून बसल्या. त्या गेल्यानंतर मी काकांकडे गेलो, तेव्हा बाईचा घागरा पार पांढरा पडला होता, कबुतरं आणि आभाळ वेगळं ओळखू येत नव्हतं. पाहून मला फार वाईट वाटलं. जुन्या सवयीने मी उठलो आणि पडद्याला हात घातला.

"राहू दे रे," काका म्हणाले. "या वेळेला ऊन तिच्या खुर्चीवर येतं."

मी परत येऊन बसलो. ऊन खुर्चीवरून उतरेपर्यंत आम्ही दोघं ते बघत होतो.